शेवंतीचा अर्धा नकाशा

गोपाळकृष्ण पोतनीस यांनी सरकारी बागेत दिवा लागावा म्हणून दहा वर्षांत सात अर्ज केले. आठवा अर्ज त्यांनी तोच दिवा विझवावा म्हणून केला. सातवा मंजूर झाला, आठव्यावर पत्रव्यवहार सुरू झाला, आणि त्या पत्रव्यवहाराच्या दिवसांत त्यांची नोकरी टांगणीला लागली होती.

बाग फ्रीगंज या वस्तीत, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर होती. पोतनीस १९३० साली ग्वाल्हेर संस्थानच्या चाकरीत हजेरी-कारकून म्हणून लागले, तेव्हा किती माळी आले आणि किती आले नाहीत एवढंच त्यांना पाहायचं होतं. नऊ वर्षांनी खात्याला एक माणूस शेतकीच्या शिक्षणाला बाहेर पाठवायचा होता. पदवीधर कुणी जाईना, कारण मुक्कामाचा भत्ता नव्हता. पोतनीस मॅट्रिक होते आणि नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. नऊ महिन्यांनी ते एक जाड वही घेऊन परत आले.

त्या वहीतला अर्धा मजकूर झाडांच्या संप्रेरकांवर होता. पोतनीस 'हार्मोन' म्हणत. झाडाला मेंदू नाही, नसा नाहीत, तरी एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला पोचते, हे त्यांना तिथं कळलं आणि आयुष्यभर पुरलं. शेंड्यात एक द्रव्य तयार होतं, ते खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना, म्हणजे न फुटलेल्या कोंबांना, दाबून ठेवतं. शेंडा खुडला की डोळे सुटतात, झाड भरतं. माळी हे पिढ्यान्‌पिढ्या करत होते. पोतनिसांना त्याचं कारण सापडलं. पिकलेलं केळं एक वायू सोडतं आणि शेजारचं कच्चं केळं त्या इशाऱ्यानं पिकायला लागतं. पाणी तुटलं की पान आपली बारीक तोंडं मिटून घेतं. हा हुकूम मुळाकडून जात असावा, असा त्यांच्या शिक्षकांचा अंदाज होता. उन्हाळ्यात बागेची विहीर तळाला गेली की पोतनीस माळ्यांना ही मिटलेली पानं दाखवत आणि म्हणत, "बघा, वरून एकही पत्र आलेलं नाही."

कलमांना मुळं फुटावीत म्हणून ते मुंबईहून एक पांढरी पूड मागवत. 'हार्मोन' हा शब्द गावानं तोवर फक्त वैद्यांच्या जाहिरातींत वाचला होता, त्यामुळे त्या पुडीविषयी माधव नगरात वेगळंच कुतूहल होतं. सुभ्याच्या, म्हणजे जिल्ह्याच्या अधिकाऱ्याच्या, कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले भय्यासाहेब मोघे एकदा बागेच्या ऑफिसात येऊन बसले.

"पोतनीस, ती तुमची पूड. चिमूटभर द्या. गुडघा धरलाय."

"भय्यासाहेब, ती मुळं फुटायला असते."

"मग नको. आमच्या घरचे आधीच म्हणतात, हे एकदा बसले की उठत नाहीत."

१९४८च्या मे महिन्यात ग्वाल्हेर, इंदूर आणि बाकीची संस्थानं मिळून मध्यभारत झाला. त्याच महिन्यात बागेचे जुने अधीक्षक निवृत्त झाले. जागा भरायची मंजुरी कुणी द्यायची हे नव्या राज्यात ठरेना, म्हणून हजेरी पाहणाऱ्या पोतनिसांकडे 'तूर्त' कार्यभार आला. हा तूर्त आठ वर्षं चालला.

दिव्याची मागणी मात्र त्याच्याही आधीची, १९४७च्या जानेवारीतली. कारण फुलांची चोरी. चोर अंधारात भिंतीवरून येत नसत. ते पहाटे फाटकातून येत, पायांत वहाणा, हातात पितळी परडी आणि टोकाला आकडी बांधलेली काठी. ही सगळी फ्रीगंज आणि माधव नगरातली बरी माणसं होती: शिक्षक, बँकेतले, रेल्वेतले, निवृत्त. निम्म्याहून अधिक मराठी. फुलं देवाला जात होती, त्यामुळे याला चोरी म्हणतात हे त्यांच्या ध्यानातही येत नसे. भय्यासाहेब यांचे अग्रणी. एकदा पोतनिसांनी त्यांना भरल्या परडीनिशी गाठलं.

"ही घरची आहेत," भय्यासाहेब म्हणाले.

"तुमच्या घरी तुळस आहे फक्त."

"तुम्हाला पगार सरकारी बाग पाहायचा मिळतो की आमचं अंगण?"

पोतनीस सरळ ऑफिसात गेले. त्यांनी अर्ज केला. पहिला ग्वाल्हेर दरबाराकडे गेला आणि दरबारच उरला नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की अर्ज नव्या राज्याच्या नमुन्यात करावा. मध्यभारताची राजधानी उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला असे. तिसरा आणि चौथा अर्ज तिच्यामागून फिरत राहिले आणि प्रत्येक वेळी जिथं पोचले तिथून सरकार नुकतंच निघालेलं असे. पोतनीस चिकाटीचे होते. प्रत्येक अर्जात ते चोरीची तारीखवार यादी जोडत आणि शेवटी एकच वाक्य लिहीत, की प्रकाशाशिवाय पुष्पांचं रक्षण अशक्य आहे.

१९५६ साली पुन्हा राज्यं बदलायची ठरली. मध्यभारत, महाकोशल, विंध्यप्रदेश आणि भोपाळ मिळून एक नोव्हेंबरला नवा मध्यप्रदेश होणार होता. चारही तुकड्यांतल्या नोकरांची एकच यादी लागणार होती आणि त्या यादीत महाकोशलचे शेतकी पदवीधर पुष्कळ होते. कार्यवाहक, मॅट्रिक, नऊ महिन्यांचं शिक्षण, एवढ्या भांडवलावर पोतनीस अधीक्षक राहतील अशी कुणाची समजूत नव्हती. चांगला शेरा मिळाला तर ते पक्के होणार, नाहीतर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी परत हजेरीपटावर. नवा अधिकारी एक नोव्हेंबरलाच समारंभाला येणार आणि शेरा तोच देणार, हे जूनमध्ये कळलं. समारंभासाठी बागेनं काय करायचं तेही कळलं: नव्या राज्याचा नकाशा फुलांत काढायचा.

पोतनिसांनी शेवंती निवडली, लवकर येणारी पिवळी जात. जुलैत कलमं लावली, ऑगस्टमध्ये शेंडे खुडले. चाळीस फुटांचा वाफा, वरती उत्तर, कडेनं विटा, नर्मदेच्या जागी पांढरी खडी. कागदावरची सीमा ताणलेल्या सुतळीनं मातीत उतरवताना त्यांना दहा दिवस लागले.

आणि ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात दिवा आला. मध्यभारताचं सरकार जाता जाता साचलेली प्रकरणं निकाली काढत होतं, त्यात सातवा अर्ज निघाला. पश्चिमेच्या फाटकापाशी खांब उभा राहिला, वर पत्र्याचं तबक आणि त्याखाली पाचशे वॉटचा गोळा. संध्याकाळी लागला की उजाडेपर्यंत जळे. बागेच्या मधोमध पाण्याची उंच, चौकोनी दगडी टाकी होती, तिच्या मागची बाजू तेवढी अंधारात राही. पोतनिसांनी त्या दिवशी माळ्यांना पेढे वाटले.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बापू माळी ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. बापू पोतनिसांच्या आधीपासून बागेत होता.

"साब, टंकी के पीछे कली आई गी. इधर नी आई."

"पाणी कमी पडलं असेल."

"पानी तो बराबर दियो. आप देखी लो."

पोतनिसांनी पाहिलं. नकाशाचा पूर्वेचा भाग मोहरीएवढ्या कळ्यांनी भरला होता. पश्चिमेला, म्हणजे मध्यभारताच्या भागात, झाडं उंच, हिरवीगार, तजेलदार होती आणि एकावरही कळी नव्हती. दोन्हींच्या मधली रेघ सरळ होती. झाडांचं असं सरळ रेघेत काही होत नाही. पोतनिसांनी सुतळी आणवली, एक टोक दिव्याच्या खांबाला बांधलं आणि टाकीच्या कोपऱ्याला घासून वाफ्यापर्यंत नेलं. सुतळी बरोबर त्या रेघेवर पडली.

कारण त्यांच्या वहीतच होतं. शेवंती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. रात्र पुरेशी लांबली की पानात काहीतरी तयार होतं आणि शेंड्याला जाऊन सांगतं: आता पानं पुरे, फुलं काढ. रात्रभर उजेड पडला तर पानाला तो जूनच वाटतो. ते 'काहीतरी' तेव्हा जगात कुणीही वेगळं काढून दाखवलेलं नव्हतं. शास्त्रज्ञांनी त्याला नाव मात्र देऊन ठेवलं होतं, आणि हेही पोतनिसांना सरकारी कामाच्या अनुभवामुळे विचित्र वाटलं नव्हतं.

घरी त्यांनी हे बायकोला सांगितलं. अहल्याबाई तांदूळ निवडत होत्या.

"दिव्यानं फुलं येत नाहीत? मग देवापुढं रात्रभर समई असते, त्या फुलांचं काय?"

"ती तोडलेली असतात."

"बरं." त्यांनी सूप झाडलं. "आणि दिवा मागितला कुणी होता?"

पोतनीस हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी आठवा अर्ज गेला. दिवा एक नोव्हेंबरपर्यंत बंद ठेवावा, कारणं जोडली आहेत. मुख्य कार्यालयाचं उत्तर पाच दिवसांत आलं. एवढ्या लवकर उत्तर येण्याची ही पहिलीच वेळ. उत्तर हिंदीत होतं: आपके ही सात पत्रों में लिखा है कि प्रकाश के बिना पुष्पों की रक्षा असंभव है. अब आप लिखते हैं कि प्रकाश के रहते पुष्प ही असंभव हैं. स्पष्ट करें. त्याखाली: यदि चोरी बंद हो चुकी हो तो प्रमाण भेजें.

पोतनीस बिजलीघरात गेले. तिथला ओव्हरसियर सज्जन होता, त्यानं चहा मागवला.

"भाईसाब, बत्ती लगवाने का फार्म है, बढ़वाने का है, बदलवाने का है. बुझवाने का फार्म आज तक किसी ने माँगा नहीं."

"रात्री बटन बंद केलं तर?"

"तो सुबह मेरे ऊपर रपट, के सरकारी बत्ती बंद मिली."

राहिला चोरी बंद झाल्याचा पुरावा. तो फक्त चोरच देऊ शकत होते. पोतनीस मोघ्यांच्या ओसरीवर गेले आणि त्यांनी सगळं सांगितलं: दिवा, सावली, पान, शेंडा, नकाशा, शेरा. भय्यासाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला.

"म्हणजे मी लिहून द्यायचं, की यापुढे फुलं तोडणार नाही."

"तुम्ही आणि बाकीच्यांनी."

"तसं लिहिलं तर आजवर तोडत होतो असं होतं."

"होतं तसं."

"पोतनीस, मी एकतीस वर्षं सरकारी मसुदे केलेत. तुम्ही सरबत घ्या."

सरबत संपायच्या आत मसुदा तयार होता. 'आम्ही खाली सह्या करणारे, ज्यांनी आजपर्यंत सदर बागेतील एकही फूल तोडलेले नाही, ते यापुढेही याच पद्धतीने वागू.' दोन दिवसांत चौदा सह्या झाल्या. भय्यासाहेबांची सर्वांत वर, हुद्द्यासकट.

मुख्य कार्यालयानं हे मान्य केलं नाही आणि अमान्यही केलं नाही. त्यांनी विचारलं की प्रकाशामुळे पानात जे द्रव्य तयार होत नाही असं म्हणता, त्याचा नमुना सोबत का जोडलेला नाही.

पोतनिसांनी ते पत्र भय्यासाहेबांना दाखवलं. तोवर वीस सप्टेंबर उजाडला होता.

"अंधार झाला तर किती दिवसांत फुलेल?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"आठ आठवडे, नऊ."

"आणि हातात?"

"सहा."

"म्हणजे कळ्या."

"कळ्या. पण दिसतील तरी. काहीच नसलं तर म्हणतील याला शेवंती लावता येत नाही."

भय्यासाहेबांनी पत्राची घडी घातली. त्यांच्या परडीचाही प्रश्न होता. बागेतली शेवंती अडली की मार्गशीर्षापर्यंत गावातले सगळे देव अडणार होते.

"दिवा हलत नसेल तर झाडांच्या डोक्यावरून पांघरूण घ्या," ते म्हणाले. "मंडळाचे पडदे पडून आहेत. गणपतीतली नाटकं झाली, आता माघापर्यंत त्यांना काम नाही."

मराठी मंडळाच्या नाटकाचे मागचे दोन काळे पडदे आणि देवास गेटच्या अडत्यांकडून आणलेली पोती शिवून वाफ्याचा पश्चिम भाग झाकला जाईल एवढं पांघरूण झालं. बापूनं बांबूंचा सांगाडा केला. संध्याकाळी सहाला माळी ते ओढून घेत. पहाटे काढायला कुणीतरी हवं होतं, आणि पहाटे बागेत रोज कोण येतं हे पोतनिसांच्या यादीत दहा वर्षांचं तारीखवार लिहिलेलं होतं. चौदा जणांच्या पाळ्या लागल्या. पोतनिसांनी जुन्या सवयीनं हजेरीपट ठेवला. ही माणसं नोकरीत कधी वेळेवर गेली नसतील इतकी वेळेवर आली. दसऱ्याच्या दिवशी मात्र कुणी फिरकलं नाही आणि मध्यभारत सकाळी नऊपर्यंत काळ्या पडद्याखाली होता.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पश्चिमेला पहिल्या कळ्या दिसल्या. पोतनीस वाकून वाकून त्या मोजत. पूर्वेची फुलं तोवर उमलायला लागली होती. चौदांपैकी कुणी त्यांना हात लावला नाही. भय्यासाहेबांनी देवाला बाजारातला झेंडू आणला आणि तो किती महाग आहे हे रोज सांगितलं.

एक नोव्हेंबरला सकाळी अधिकारी आले. ते महाकोशलातले होते, उंच, चष्मा लावणारे. झेंडावंदन झालं, पेढे झाले, मग सगळे वाफ्यापाशी आले. महाकोशल आणि विंध्यप्रदेश पिवळेधमक झाले होते. मध्यभारत हिरवा, घट्ट कळ्यांचा. रेघ नव्या राजधानीवरून गेली होती. भोपाळ अर्धं फुललं होतं.

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला.

"इसका मतलब?"

त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं.

"मध्यभारत को विलय पसंद नहीं आया, ये कहना चाहते हैं आप लोग?"

"नहीं साहब," पोतनीस म्हणाले, "रात्र... रात पूरी नहीं मिली."

हे कुणालाच कळलं नाही. मागून भय्यासाहेब पुढे आले.

"हुजूर, पसंद तो है. मध्यभारतवालों को जरा देर लगती है, बस."

लोक हसले. अधिकारी हसले नाहीत, पण त्यांनी विचारलं की किती देर. पोतनिसांनी सांगितलं, तीन आठवडे. अधिकाऱ्यांनी वहीत काहीतरी टिपलं आणि मोटारीत बसले.

तीन आठवड्यांनी पश्चिम भाग पूर्ण फुलला. तोवर पूर्व सुकून तपकिरी झाली होती, त्यामुळे नकाशा पुन्हा अर्धाच राहिला. पाहायला चौदा जण आणि माळी होते.

शेरा जानेवारीत आला. पोतनिसांनी तो ऑफिसात उभ्यानंच वाचला. नकाशा अर्धवट फुलला, कारण बियाणं निकृष्ट होतं. शेवंती बियांपासून लावत नाहीत, पण ते असो. पुढचा परिच्छेद लांब होता. बागेत दिवा आल्यापासून फुलांच्या चोरीची एकही नोंद नाही, याबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. सात अर्जांचा, त्यांच्या तारखांचा आणि 'प्रकाशाशिवाय पुष्पांचं रक्षण अशक्य' या वाक्याचा उल्लेख होता. असा दूरदृष्टीचा आणि चिकाटीचा कर्मचारी अधीक्षकपदी पक्का करावा, अशी शिफारस होती. सोबत एक छापील कागद: वरील निरीक्षणं वस्तुस्थितीला धरून आहेत, असं संबंधितानं सही करून कळवावं.

आठवा अर्ज, सावलीची रेघ, सुतळी, पडदे यांचा उल्लेख कुठंच नव्हता. ते सगळं पोतनिसांना आता लिहून कळवता आलं असतं. तसं केलं तर शिफारस ज्या दिव्यावर उभी होती तोच विझला असता. दोन दिवस कागद टेबलावर राहिला. बापूनं त्यावर कुंडीतल्या मातीचं ढेकूळ ठेवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अहल्याबाईंनी विचारलं, "सही न करून काय होईल?"

"ते चौकशी करतील. दिवा चूक होता हे सिद्ध होईल."

"कुणाची चूक?"

"माझी."

"मग पगार कुणाचा जाईल?"

तिसऱ्या दिवशी पोतनिसांनी सही केली. लिहिण्याच्या बाबतीत ते काटेकोर होते, म्हणून समासात पेन्सिलीनं 'शेवंती कलमांपासून लावतात' एवढं लिहिलं. ते कुणी वाचल्याची नोंद नाही. मार्चमध्ये ते एक नोव्हेंबरपासून मागील तारखेनं पक्के झाले. त्याच पाकिटात दुसरा हुकूम होता: प्रयोग यशस्वी ठरल्यामुळे बागेच्या उरलेल्या तीन बाजूंनाही दिवे मंजूर.

दिवे पावसाळ्यापूर्वी लागले. त्यानंतर पोतनिसांनी सरकारी बागेत शेवंतीचं एकही कलम लावलं नाही. झेंडू लावला, सदाफुली लावली. दरवर्षीच्या अहवालात फुलांचं उत्पादन वाढल्याचं त्यांनी लिहिलं आणि ते खरं होतं. चोरीही परत सुरू झाली. चार दिव्यांत आकडीचं टोक स्पष्ट दिसे, नेम चुकत नसे. ती मात्र त्यांनी लिहिली नाही.

शेवंतीच्या अकरा कुंड्या त्यांनी माधव नगरातल्या घरी नेल्या. पुढे घरात वीज आली तेव्हा वायरमननं अंगणात एक होल्डर बसवला. पोतनिसांनी त्यात बल्ब लावू दिला नाही. ऑगस्ट ते नोव्हेंबर अंगणाकडच्या खिडक्या दिवेलागणीला बंद होत, जेवणं आतल्या खोलीत होत, आणि संध्याकाळी येणाऱ्याला पायरी दिसत नसे. एकदा भय्यासाहेब ठेचकाळले, गुडघा धरून ओट्यावर बसले आणि म्हणाले, की अधीक्षकाच्या घरी साधा कंदीलही नाही काय.

"आहे," अहल्याबाई आतून म्हणाल्या. "पण त्याला परवानगी नाही."